विमानांत बसावें कीं बसूं नये?

(नभोवाणीवरील भाषण)

प्रवासाला निघतांना मनांत शंका येणें ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. पूर्वींचीं माणसें दिशाशूल पाहत, मुहूर्त पाहत, आणि मांजर आडवें गेलें तर घटकाभर ओटीवर बसून मग पाऊल उचलीत. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली, तेव्हां त्या वाफेच्या गाडीविषयींही लोकांच्या मनांत धास्ती होतीच. भय हें नव्या वाहनाच्या मागोमाग येतें. आजच्या भयाचें स्वरूप मात्र थोडें निराळें आहे. आज प्रवाशाला तिकिटाबरोबर विमानाच्या बनावटीचें नांवही कळतें, आणि त्या बनावटीचीं विमानें कोठें, केव्हां, किती माणसांसह पडलीं याची यादी हातांतील यंत्रावर क्षणांत उभी राहते. माहिती वाढली, परंतु त्या माहितीचें करावयाचें काय, हें सांगणारें कोणी जवळ नसतें. ज्या बनावटीविषयीं शंका घेतली जाते तिच्या विमानांत बसावें कीं बसूं नये, या प्रश्नाचा विचार म्हणूनच घरोघर होऊं लागला आहे.

उदाहरणादाखल गोंदिया जिल्ह्यांतील सडक अर्जुनी येथील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. मुंबई-कलकत्ता महामार्गावर वसलेलें हें तालुक्याचें गांव. एका अंगाला नवेगांवचें अरण्य, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचें. घरांत सत्तरी ओलांडलेली माय, शाळेंत शिक्षक असलेला तिचा मुलगा, सून आणि कॉलेजांत जाणारी नात. मायच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली आहे, आणि हैदराबादच्या एका रुग्णालयानें शस्त्रक्रियेसाठीं डिसेंबर २०२४ मधील तारीख दिली आहे. मोटारीनें जावयाचें तर नागपूरवरून सारा दिवस मोडणार. सौंदडचें स्टेशन जवळ आहे. परंतु आगगाडीचा प्रवासही दीर्घ, आणि मायला चार पावलें चाललें तरी धाप लागते. विमानाचा प्रवास प्रकृतीला सोसेल, दगदग मात्र नको, असें डॉक्टरांचें मत पडलें. गोंदियाजवळच्या बिरसी येथून हैदराबादला विमान जातें. वाट दीड तासाच्या आसपासची. मुलगा तिकिटें काढावयास बसला आणि विमानाच्या नांवाशीं अडखळला : ए. टी. आर. ७२.

अडखळावयास कारण होतें. चारच महिन्यांपूर्वीं, ९ ऑगस्ट २०२४ रोजीं, ब्राझील देशांत साओ पाउलोजवळ विन्हेदो येथें याच बनावटीचें एक विमान गिरक्या घेत खालीं आलें आणि त्यांतील ६२ माणसांपैकीं एकही वाचलें नाहीं. त्या गिरक्यांचें चित्र साऱ्या जगानें पाहिलें होतें. त्यापूर्वीं १५ जानेवारी २०२३ रोजीं नेपाळांत पोखरा येथें असेंच एक विमान उतरतां उतरतां कोसळलें. ७२ माणसें गेलीं, त्यांत पांच भारतीय होते. आणि १८ मार्च २०२३ रोजीं तर खुद्द बिरसीहून उडालेलें एक विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांत डोंगरावर आदळून त्यांतील दोघेंही मरण पावलीं होतीं. नातीनें विचारलें, “बाबा, आजीला अशा विमानांत न्यायचं?” बापाला उत्तर देतां आलें नाहीं.

हा बाप भित्रा नव्हता, कीं ती मुलगी अडाणी नव्हती. दुसऱ्याचा जीव आपल्या निर्णयावर अवलंबून असला, म्हणजे शहाणा माणूसही थबकतो. अशा वेळीं ‘घाबरूं नका’ असें सांगणें सोपें असतें, आणि ‘जाऊं नका’ असें सांगणें त्याहूनही सोपें असतें. या दोहोंपैकीं कोणतेंही उत्तर विचाराची जागा घेऊं शकत नाहीं. म्हणून भीतीची जी एक जुडी बांधली गेली होती, तिच्यांतील काड्या एकेक करून सोडवून पाहिल्या पाहिजेत.

पहिली काडी बिरसीची. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें बांधली. पुढें तेथें वैमानिक तयार करणारी संस्था उभी राहिली, आणि बऱ्याच वर्षांनंतर उतारूंची वाहतूक आली. मार्च २०२२ मध्यें एका कंपनीनें इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी सेवा सुरू केली, ती कांहीं महिन्यांतच थांबली. नंतर १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगो कंपनीनें हैदराबाद व तिरुपतीकडील सेवा सुरू केली. बालाघाटच्या डोंगरावर पडलेलें विमान हें शिकाऊ वैमानिकांच्या सरावाचें होतें : एका इंजिनाचें, चार आसनांचें, निराळ्याच कारखान्याचें. धावपट्टी एक म्हणून दोन विमानांचें भवितव्य एक ठरत नाहीं. मोटार शिकणाऱ्याची गाडी खड्ड्यांत गेली, म्हणून त्याच फाटकांतून निघणाऱ्या एस. टी.चा दोष निघत नाहीं. मृत्यु पावलेल्या त्या दोघांविषयीं हळहळ वाटावीच. परंतु हैदराबादच्या विमानाचा निर्णय त्या हळहळीवर करतां येत नाहीं.

दुसरी काडी खुद्द विमानाची. ए. टी. आर. ही फ्रान्स व इटली या दोन देशांतील कारखान्यांनीं मिळून १९८१ सालीं स्थापन केलेली संस्था असून तिचें घर फ्रान्समधील तुलूझ येथें आहे. तिच्या ७२ क्रमांकाच्या विमानानें पहिलें उड्डाण १९८८ सालीं केलें. दोन इंजिनें, त्यांच्या तोंडाशीं फिरते पंखे, सत्तर-पंचाहत्तर उतारू, आणि मोठ्या जेट विमानापेक्षां आंखूड धावपट्टीवर उतरण्याची सोय, हें त्याचें स्वरूप. थोडक्या उतारूंसाठीं थोडकें इंधन जाळणारें वाहन म्हणून लहान शहरांना हेंच परवडतें. फिरते पंखे दिसले कीं कित्येकांना तें जुन्या काळचें वाटतें. वस्तुतः त्या पंख्यांना फिरविणारें आंतील यंत्र हें जेटच्याच कुळांतील असतें.

या बनावटीवरील सर्वांत गंभीर आक्षेप बर्फासंबंधीचा आहे, आणि तो निराधार नाहीं. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजीं अमेरिकेंत रोझलॉन येथें या बनावटीचें विमान पडून ६८ माणसें मेलीं. उतरण्याची पाळी येईपर्यंत तें गारठलेल्या पावसांत घिरट्या घालीत होतें. पंखांच्या पुढील कडेला रबरी पट्टे असतात; त्यांत हवा भरली कीं ते फुगतात आणि त्यांवर सांचलेला बर्फ फुटून पडतो. त्या दिवशीं बर्फ या पट्ट्यांच्याही मागें सांचला, पंखावरील हवेचा ओघ बिघडला, आणि विमान एकाएकीं कलंडून वैमानिकांच्या ताब्यांतून गेलें. म्हणजे येथें रचनेंतच एक उणीव होती. ती उघड झाल्यावर पट्टे रुंद करणें सक्तीचें झालें, अशा हवेंत काय करावें याचे नियम कडक झाले, आणि अमेरिकेंतील कंपनीनें हीं विमानें थंड प्रदेशांतून काढून उबदार प्रदेशांकडे नेलीं. विन्हेदोच्या अपघाताचा जो प्राथमिक अहवाल सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांतही बर्फाचा उल्लेख ठळक आहे : बर्फाची सूचना देणारे इशारे झाले होते, आणि वैमानिकांच्या संभाषणांतही पुष्कळ बर्फाची गोष्ट आली होती.

पोखऱ्याची कथा वेगळी. नेपाळच्या चौकशी आयोगाला असें आढळलें कीं, उतरतांना ज्या दांड्या हलवावयाच्या त्यांच्याऐवजीं चुकून दुसऱ्याच दांड्या हलविल्या गेल्या; दोन्ही पंख्यांचीं पातीं वाऱ्याला समांतर झालीं आणि त्यांची ओढ नाहींशी झाली. ४ फेब्रुवारी २०१५ रोजीं तैवानांत तैपेई येथें झालेल्या अपघातांत एक इंजिन बिघडलें असतां वैमानिकानें चुकून चांगलेंच इंजिन बंद केलें, आणि ४३ माणसें प्राणास मुकलीं. तीनही वेळां विमानाचें नांव एक. परंतु एकीकडे रचना व हवा, तर दोहोंकडे माणसाचा हात. ‘हें विमान पडतें’ या तीन शब्दांत तीन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हें प्रथम ओळखलें पाहिजे.

तरीही येथें एक सावधगिरी हवी. प्रत्येक अपघात वैमानिकाच्या माथीं मारून बनावटीला निर्दोष ठरविणें हेंही तितकेंच धोक्याचें आहे. बोइंग ७३७ मॅक्स या विमानाचा इतिहास ताजा आहे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजीं इंडोनेशियांत या बनावटीचें नवें विमान समुद्रांत पडून १८९ माणसें गेलीं. त्याचा कप्तान भारतीय होता. त्यानंतर वैमानिकांच्या कौशल्यावर बोट ठेवणारे पुष्कळ निघाले. १० मार्च २०१९ रोजीं इथिओपियांत तसेंच दुसरें विमान पडलें. १५७ माणसें गेलीं, त्यांतही चार भारतीय होते. मग उलगडा झाला कीं, विमानाचें नाक खालीं दाबणारी एक स्वयंचलित योजना एकाच मापकाच्या भरंवशावर ठेवली होती. मापक चुकला कीं योजना चुके, आणि ती योजना अस्तित्वांत आहे हेंच पहिल्या अपघातापूर्वीं वैमानिकांना सांगितलेलें नव्हतें. या साडेचार महिन्यांच्या अवधींत एखाद्या प्रवाशानें अधिकाऱ्यांना विचारलें असतें, तर ‘विमान सुरक्षित आहे’ असेंच उत्तर मिळालें असतें. आणि जो भिऊन घरीं राहिला असता त्याचें भय खरें ठरलें असतें. भारतानें १२ मार्च २०१९ च्या रात्रीं हीं विमानें जमिनीवर ठेवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि सुधारणा झाल्यावर ऑगस्ट २०२१ मध्यें त्यांना पुन्हां परवानगी दिली.

याच्या उलट गोष्टही भारतांतच घडली. १४ फेब्रुवारी १९९० रोजीं बंगलोर येथें एअरबस ए-३२० जातीचें इंडियन एअरलाइन्सचें विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळलें आणि ९२ माणसें गेलीं. बनावट नवी, यंत्रणा संगणकाची. लोकांचा रोष एवढा कीं सरकारनें त्या जातीचीं सर्व विमानें कित्येक महिने जागच्या जागीं उभीं केलीं. चौकशींत मुख्य बोट वैमानिकांच्या चुकीकडे वळलें. पुढें त्याच कुळांतील विमानें भारताच्या विमानवाहतुकीचा कणा झालीं. ज्यांच्या नांवानें एके काळीं लोक दचकत, त्यांतूनच आतां पुण्या-नागपूरचीं कुटुंबें सुटीला जातात, आणि बनावटीचें नांवही विचारीत नाहींत.

आणि ज्या नांवाला कलंक नाहीं तेंही कवच नव्हे. बोइंग ७८७ हें विमान २०११ पासून उतारूंची ने-आण करीत होतें आणि त्याच्या नांवावर एकही प्राणघातक अपघात नव्हता. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनला निघालेलें असें विमान उड्डाणानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटांतच कोसळलें. विमानांतील २४२ पैकीं एकच उतारू वाचला, आणि महाराष्ट्रांतील अनेक घरांत त्या दिवशीं चूल पेटली नाहीं. पुढील महिन्यांतील प्राथमिक अहवालानें दोन्ही इंजिनांचें इंधन तुटल्याचें नोंदविलें, परंतु या बनावटीविरुद्ध कोणतीही कारवाई त्या वेळीं सुचविली नाहीं. नांवें घोकून सुरक्षितता मिळत नाहीं, हाच याचा बोध.

मग प्रवाशानें कशाच्या आधारें ठरवावें? तीन प्रश्न त्याला उपयोगी पडतील. पहिला प्रश्न असा कीं, अपघाताचें कारण सांपडलें आहे काय? कारण अज्ञात असून एकाच बनावटीचीं दोन नवीं विमानें एकाच तऱ्हेनें पडलीं असतील, तर घरीं थांबण्यांत भ्याडपणा नाहीं, विवेक आहे. दुसरा प्रश्न : कारण सांपडल्यावर त्यावरचा उपाय सक्तीचा झाला आहे काय? कारखान्याच्या आश्वासनावर विसंबूं नये. नियामक अधिकाऱ्यांचा हुकूम निघाला आणि त्याची अंमलबजावणी झाली, तरच उपाय झाला म्हणावयाचें. तिसरा प्रश्न : जेथें व ज्या ऋतूंत जावयाचें, तेथें तो धोका कितपत लागू पडतो?

सडक अर्जुनीच्या शिक्षकानें हेच प्रश्न ए. टी. आर. ला लावून पाहिले, असें समजूं. बर्फाचें कारण तीस वर्षांपूर्वींच सांपडलें होतें. उपाय सक्तीचे झाले होते. या बनावटीचीं हजारावर विमानें बांधलीं गेलीं आणि तीं जगभर रोज उडत होतीं. आपला देश उष्ण म्हणून वर बर्फ नसतो, अशा भ्रमांत मात्र राहूं नये. विन्हेदो कांहीं ध्रुवाजवळ नाहीं, आणि वीस हजार फुटांवर विदर्भाचें आकाशही गोठणबिंदूच्या खालींच असतें. परंतु पंखावर बर्फ धरावयास ढग आणि ओल लागते. डिसेंबरांत गोंदिया ते हैदराबाद हें आकाश बहुधा कोरडें असतें. आणि ढग लागलाच तर वैमानिकाला कांहीं हजार फूट खालीं उबदार हवा उपलब्ध असते. त्या महिन्यांतील खरी अडचण पहाटेच्या धुक्याची. धुक्यामुळें विमान उशिरा निघालें किंवा रद्द झालें, तर उतारूंनीं चिडूं नये. न उडण्याचा धीर ज्या व्यवस्थेंत आहे, तीच व्यवस्था विश्वासाला पात्र होय.

आतां चौथा प्रश्न राहिला, आणि तो बहुधा कोणी विचारीतच नाहीं. विमानानें न जावें, तर कशानें जावें? भारतांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसें मेलीं. हा आंकडा वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत विखुरलेला असतो, म्हणून तो दिसत नाहीं. सडक अर्जुनीला तर तो दूरचाही नव्हता. २९ नोव्हेंबर २०२४ रोजीं, म्हणजे तिकिटें काढावयास बसण्याच्या कांहीं दिवसच आधीं, गोंदियाकडे निघालेली महामंडळाची शिवशाही बस याच तालुक्यांत बिंद्रावनटोल्याजवळ उलटली आणि दहाहून अधिक उतारू ठार झाले. एका दुचाकीला वाचवितांना तोल गेला, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. त्या बसच्या बनावटीचें नांव कोणी विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याच रस्त्यानें पुन्हां बसगाड्या गेल्या आणि माणसें त्यांत बसलीं. कारण बाजार, शाळा, दवाखाना कोणाला चुकला आहे?

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. मैलांच्या हिशेबानें विमान मोटारीहून कितीतरी सुरक्षित ठरतें. परंतु विमानाचे अपघात मुख्यतः चढतां-उतरतां होतात, म्हणून लहान पल्ल्याच्या प्रवासाला तो हिशेब जसाच्या तसा लावतां येत नाहीं. ही सूट दिली तरी सहाशे किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता आणि दीड तासाचें उड्डाण यांतील अंतर फारसें मिटत नाहीं. शिवाय या प्रसंगीं तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत केवळ रस्ता नाहीं. मायची धाप आहे, आणि हातची निघून जाणारी शस्त्रक्रियेची तारीखही आहे. न जाणें हीही एक कृति आहे, आणि तिचाही धोका असतो, हें भयभीत मन नेहमीं विसरतें.

हा सारा हिशेब मुलानें रात्रीं मायपुढें मांडला, अशी कल्पना करावी. म्हातारीनें ऐकून घेतलें आणि म्हटलें, “बाबू, भेव त बंडीतही होतं. नवेगावच्या जंगलातून माहेराले जाताना बंडी हाकणारा जागा हाय का, एवढंच मी पाहत होती.” निर्णयाचें मर्म तिच्या बोलण्यांत नेमकें आलें आहे. प्रवाशाला बैल पारखतां येत नाहींत, चाकाचा आंस तपासतां येत नाहीं; परंतु हाकणारा जागा आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा त्याचा अधिकार आहे. विमानाच्या बाबतींत हाकणारा म्हणजे केवळ वैमानिक नव्हे. विमानाची तपासणी करणारा कारागीर, कंपनीचा व्यवस्थापक, परवाना देणारें विमानवाहतूक महासंचालनालय, आणि अपघातानंतर शोध घेणारें अन्वेषण मंडळ, हे सारेच बंडी हाकणारे होत. यांपैकीं एकाला जरी डुलकी लागली, तरी कोणत्याही बनावटीचें विमान धोक्याचें. आणि सारे जागे असले, तर आक्षेप घेतलेलें विमानही सुधारून सुरक्षित होतें. त्यांना जागें ठेवण्याचें काम नागरिकांचें आहे. अपघाताचा अहवाल वेळेवर प्रसिद्ध व्हावा, तो लपूं नये, त्यांतील शिफारशींचें पुढें काय झालें हें विचारलें जावें, अशी मागणी करणारा प्रवासी आपल्याबरोबर इतर हजारोंचेंही रक्षण करतो.

त्या कुटुंबानें तिकिटें काढावीं, हेंच उचित ठरतें. मात्र त्यांनीं आपली चिंता जेथें खरोखर उपयोगी पडेल तेथें खर्च करावी. सडक अर्जुनीहून बिरसीला पोंचावयाचें तर कोहमारा-गोंदिया हाच रस्ता, ज्यावर ती बस उलटली. घरांतून निघून हैदराबादच्या रुग्णालयापर्यंतच्या वाटचालींत सर्वांत जास्त धोक्याचा भाग तोच, आणि त्याच भागावर या कुटुंबाचा हात चालतो. रात्रीं न निघतां उजाडल्यावर निघावें. गाडी हाकणारा झोप झालेला असावा. मागें बसलेल्या मायलाही पट्टा बांधावा. आणि विमान चुकेल म्हणून त्याला घाई करूं नये. डॉक्टरांचें पत्र, औषधें आणि चाकांच्या खुर्चीची आगाऊ सूचना, एवढें सांभाळलें म्हणजे पुढील दीड तास हातांत हात घेऊन बसण्यापलीकडे करण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

भय मनांतून समूळ जावें, अशी अपेक्षा कोणी धरूं नये. विमान धावपट्टी सोडतांना त्या नातीची मूठ आवळली जाईलच. भय हा वाईट पहारेकरी नव्हे. फक्त त्याला कोणत्या दारावर उभें करावयाचें, हें घरच्या शहाण्या माणसानें ठरवावयाचें असतें.